तारामतीबाईंचा स्प्रिंगवाला पेशंट

तारामतीबाई हुलसूरकर कुजबुजल्या तरी हैदराबादेतल्या कोठीच्या चौकात ऐकू जातं, असं त्यांच्या शाळेतल्या मुलांचं म्हणणं होतं. पोरं वाढवून सांगतात. चौकापर्यंत नाही, पण शाळेसमोरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत तो आवाज नक्की पोचायचा. तिथला म्हातारा दुकानदार गिऱ्हाइकाला हाताने थांबवून म्हणायचा, "ठैरो मियाँ, बाई कुछ बोल रैं."

बाईंचं माहेर बीदरकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन विद्यानगरात आल्या आणि इथल्या मराठी शाळेत गृहविज्ञान शिकवायला लागल्या. पुढे पी.टी.चे सर दुबईला गेले, पी.टी. बाईंकडे आली. चित्रकलेचे सर निवृत्त झाले, चित्रकला बाईंकडे आली. शाळेत एखादा विषय बेवारस झाला की तो बाईंच्या पदरात पडायचा आणि महिन्याभरात असा बाळसं धरायचा, की आधीच्या मास्तरांनी त्याला उपाशी ठेवला होता की काय अशी शंका यावी. त्यांची मराठी म्हणजे एक प्रवासच होता. वाक्य बीदरहून निघायचं, वाटेत दखनी उर्दूत चहा प्यायचं आणि तेलुगूत उतरायचं.

अशा बाई एका रविवारी गप्प झाल्या.

पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. बाईंचे यजमान केशवराव वीजखात्यातले, शांत माणूस. बाईंशी संसार केलेला माणूस दुसरं काय असणार! पंगतीतून उठले, हात धुतले आणि टॉवेल घ्यायला म्हणून वळले ते तिथेच कोसळले. घरात तीस-चाळीस माणसं. सगळी धावली आणि ज्याला जे येत होतं ते प्रत्येकाने केलं. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्याने तोंडात पाणी घातलं. मावशींनी अंगारा लावला. पाच जण पंख्याच्या वाऱ्यात उभे राहून "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" असं एकमेकांना सांगत होते. खुद्द बाई तळपाय चोळत होत्या. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं, तिथे छातीला विजेचा झटका देणारं यंत्र होतं, पण त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरुण डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, इथे येईपर्यंत कुणीतरी छाती दाबत राहिलं असतं तर एक चान्स होता."

त्याने दोष दिला नव्हता. पण बाईंच्या डोक्यात ते वाक्य रुतलं. चाळीस माणसं, ऐंशी हात, आणि एकालाही ठाऊक नाही. तेरावं होऊ दिलं आणि बाई त्या डॉक्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय दाबायचं, कुठं दाबायचं, शिकवा मला."

"अम्मा, ते आता..."

"यांच्यासाठी नव्हे हो. माझ्या नववीच्या लेकरांसाठी. वर्गात बावन्न आहेत. बावन्न घरात एकेक जण तरी तयार होईल."

डॉक्टरने शिकवलं. बाई शिकल्या, परत परत जाऊन शिकल्या, इतक्या की तिथल्या नर्सा त्यांना पाहून सरावाची बाहुली लपवायला लागल्या.

शाळेत नववीला कार्यानुभवाचा एक तास असे. त्यात मुलं पिढ्यान्‌पिढ्या कागदाची फुलं करत आली होती. बाईंनी फुलं बंद करून छाती दाबायला शिकवायचं ठरवलं, आणि नेमका त्याच तासावर शाळेचे सेक्रेटरी मुकुंदराव डोळा ठेवून होते.

मुकुंदराव म्हणजे आंध्राच्या भूमीवर उभा असलेला मराठीचा पहारेकरी. सत्तरीचे, पांढरीशुभ्र टोपी, तसाच शुभ्र शब्दसंग्रह. शाळेतली 'टॉयलेट' ही पाटी काढून त्यांनी 'स्वच्छतागृह' अशी लावली होती, त्यामुळे नवा शिपाई तिथे झाडू आणि फिनाईल ठेवायला लागला होता. पण माणूस तळमळीचा. बाहेर जमाना बदललेला. आबिड्सला परदेशी बुटांचं दुकान, माधापूरला काचेच्या इमारती, जो तो पोराला इंग्लिश कॉन्व्हेंटमध्ये घालतोय, आणि मराठी शाळेचा पट दरवर्षी आटतोय. मुकुंदरावांनी यावर जालीम उपाय काढला होता : कॉम्प्युटर. त्याला ते संगणक म्हणत, आणि पालकांना कळावं म्हणून पुढे हळूच "म्हणजे कॉम्प्युटर" असं म्हणत.

"तारामतीबाई, तुमचा हेतू उदात्त आहे," ते म्हणाले. "पण कार्यानुभवाचा तास संगणकाला द्यावा लागेल. नाहीतर पुढच्या वर्षी नववीत बावन्न मुलंही राहायची नाहीत."

"दुसरा तास घ्या की साहेब. संस्कृतचा घ्या."

मुकुंदराव असे दचकले, की बाईंना त्यांची नाडी पाहावीशी वाटली.

शेवटी असं ठरलं, की स्नेहसंमेलनात बाईंनी मुलांकडून हे सगळं स्टेजवर करून दाखवावं. पालकांना पटलं, तर तासाचा विचार होईल. मात्र अट एकच, व्यासपीठावर शुद्ध मराठी. या प्रकाराला त्यांनी तिथल्या तिथे 'हृदयफुफ्फुससंजीवन' असं नावही दिलं.

"साहेब, हे म्हणून होईपर्यंत पेशंट जाईल," बाई म्हणाल्या. पण अट मान्य केली. तास हवा होता.

आता सरावाला माणूस हवा. परदेशी बाहुल्याची किंमत ऐकून बाई सरळ कोठीतल्या सोफेवाल्या रफीकभाईंकडे गेल्या.

"क्या बनाना बाई? दीवान?"

"आदमी. कमर तक बस है. छाती में स्प्रिंग होना. दबाए तो नीचे जाना, छोड़े तो ऊपर आना."

"बैठने के वास्ते?"

"नै जी. मर गया सो आदमी है."

रफीकभाईंनी तोंडातला खिळा काढून हातात घेतला. "मर गया सो आदमी कू स्प्रिंग कायकू?"

"उठना बोलके!"

रफीकभाईंनी खिळा खिशात टाकला. मग सोफ्याची सगळ्यात कडक स्प्रिंग काढून त्यांनी असा अर्धा माणूस बनवला, की एखाद्या दिवाणखान्यात ठेवला असता तर पाहुणा त्याच्यावर बिनदिक्कत बसला असता. तपकिरी रेक्झिन, खांदे भरदार, डोक्याच्या जागी शाळेचा जुना फुटबॉल. ओमकार नावाच्या एका नाटक्या पोराने त्यावर नाक, डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या. छाती उघडायचीही सवय व्हावी म्हणून बाईंनी घरून केशवरावांचा नेहरू शर्ट आणला, पेशंटला घातला, बटणं लावली आणि म्हणाल्या, "चला, कोण येतंय?"

इथे पहिली पंचाईत झाली. तपकिरी माणूस नुसता होता तोवर मुलं त्याला गुद्दे मारत होती. नेहरू शर्ट चढवल्याबरोबर तो आजोबा झाला! मुलं दबकत यायची, शेजारी गुडघे टेकायची, आणि छाती अशी दाबायची जशी घरी दुपारी आजोबांचे पाय दाबतात. हळूहळू, प्रेमाने, झोप लागावी अशी.

"अरे, त्याला झोपवायचं नाही, उठवायचंय!" बाई ओरडायच्या.

त्यातून दुसरी पंचाईत निघाली. दाबता दाबता कुणाचा तरी पाय पेशंटला लागायचा. पाय लागला की पोर थांबायचं, हात पेशंटला लावायचं, मग स्वतःच्या छातीला लावायचं, नमस्कार करायचं आणि पुन्हा दाबायला लागायचं. बावन्नच्या बावन्न. आयांनी पाळण्यापासून लावलेली सवय ती.

"शिल्पे! थांबलीस कायकू?"

"बाई, पाय लागला."

"लागू दे."

"अय्यो बाई, मोठ्या माणसाला पाय लागला तर..."

"तू नमस्कार करत बसलीस तोवर मोठा माणूस गेला ना! आधी जगव. जगला की रोज सकाळी पाया पड त्याच्या."

ही शिल्पा वर्गातली सगळ्यात हट्टी मुलगी. बाईंना ती फार आवडायची, कारण बाईंना आरशातही तेच दिसायचं. ती म्हणाली, "मग तुम्ही 'दाबा' नका म्हणू बाई. दाबा म्हटलं की पायच आठवतात."

बाई थबकल्या. पोरगी बरोबर बोलत होती. त्या तडक खेळाच्या खोलीत गेल्या आणि फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप घेऊन आल्या. "हे येतं ना सगळ्यांना? कोपर वाकवता का? नाही. अंगाचा सगळा भार टाकता का? हौ. दांडा पूर्ण वर येऊ देता का? हौ. मग हेच करायचं. आजपासून कुणी दाबायचं नक्को. पंप मारायचा!"

त्या दिवशी पेशंटची स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण खाली गेली. कर्र आवाज झाला. मुलं घाबरली, बाई खूश झाल्या.

यंत्राची सोय चिन्मयने केली. चिन्मय म्हणजे बाईंचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पुण्याचा, माधापूरच्या काचेच्या इमारतीत प्रोग्राम लिहिणारा. त्याच्या अमेरिकन कंपनीने ऑफिसात झटक्याचं यंत्र ठेवलं होतं, डीफिब्रिलेटर, आणि शिकवण्यासाठी त्याचीच एक नकली प्रत. नकलीतून झटका येत नाही, पण बोलते सगळं तीच. बाईंच्या हातची कारळाची चटणी वर्षभर खाल्लेल्या माणसाला ती प्रत उसनी आणायला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

"काकू, हे अगदी सोपं असतं," तो पुणेरी शांतपणे मुलांना समजावू लागला. "झाकण उघडायचं. हे दोन चिकट पट्टे छातीवर लावायचे. हृदयाचे ठोके यंत्र स्वतः तपासतं, झटका द्यायचा की नाही तेही स्वतः सांगतं. आपण फक्त बटण दाबायचं. मात्र त्या क्षणी पेशंटला कुणाचाही हात लागलेला असता कामा नये, नाहीतर तपासणी चुकते आणि झटका भलत्यालाच बसतो."

'डीफिब्रिलेटर'चं नववीने पाच मिनिटांत 'डफली' केलं. "ए, डफली आण रे!"

"पण हे यंत्र आपल्याकडे आहे कुठे बाई?" एकाने विचारलं.

"आज नाही. कोल्ड्रिंकं आली, परदेशी बूट आले, हेपण येईल एक दिवस. आलं तेव्हा तुम्ही त्याला भिऊन पळायचं नाही, एवढंच. तोवर पंप मारायला हात आहेत ना?"

डफली इंग्रजीत म्हणायची, "स्टँड क्लिअर." म्हणजे दूर व्हा. आता हे शुद्ध मराठीत हवं. मुकुंदरावांनी रात्र जागून शब्द पाठवला : 'अलिप्त व्हा.' चिन्मय म्हणाला, "काकू, हे संन्यास घ्या म्हटल्यासारखं वाटतंय." पण अट ती अट. शिल्पाने 'अलिप्त व्हा' घोकलं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पटांगणात शामियाना घातला होता, पालक खच्चून भरले होते. पुढच्या ओळीत मुकुंदराव आणि कमिटी. बाई विंगेत उभ्या होत्या. आयुष्यात त्या स्टेजला कधी घाबरल्या नव्हत्या. पण आज हुकलं तर तास जाणार, आणि तासाबरोबर दरवर्षीची बावन्न घरं जाणार. हा हिशेब त्यांच्या डोक्यातून हलत नव्हता.

प्रसंग असा बसवला होता : ओमकार मिशा रंगवून, आजोबा होऊन पेपर वाचतो, छातीला हात लावून कोसळतो. दोन मुलं पुढे चादर धरतात. चादरीमागून ओमकार रांगत बाहेर, पेशंट आत. चादर खाली. मग शिल्पा आणि कंपनी धावत येते.

ओमकार कोसळला. पण असा कोसळला, की पहिल्या रांगेतल्या दोन कमिटी मेंबरांनी आपापली छाती चाचपली. चादर वर गेली, पेशंट आत आला, चादर खाली आली. आणि शामियान्याच्या मधोमध कुणीतरी किंचाळलं, "ओमकाऱ्या! माझं लेकरू!"

ओमकारची आजी. चष्मा घरी विसरलेली. तिला दिसलं ते एवढंच, की नातू उताणा पडलाय आणि हलत नाहीये. म्हातारी अशी धावली, की वाटेतल्या तीन खुर्च्या आडव्या झाल्या. ती धावली म्हणून तिची सून धावली. सून धावली म्हणून शेजारच्या बायका धावल्या, आणि बायका धावल्या म्हटल्यावर मागच्या पुरुषांना वाटलं, खरंच काहीतरी झालंय. बघता बघता स्टेजवर पन्नास माणसं. कुणी पाणी घेऊन आलं. कुणी "कांदा, कांदा!" म्हणून ओरडत होतं. आजीने पेशंटचा हात समजून बाही घट्ट धरली होती. पाच-सहा जण सगळ्यांच्या अंगावर पडत "हवा येऊ द्या" म्हणत होते.

विंगेतून बाई पाहत होत्या. हेच. अगदी हेच त्या रविवारी झालं होतं. त्यांनी आवाज काढायला तोंड उघडलं, आणि हैदराबादेतला तो सगळ्यात मोठा आवाज घशातून निघेना.

पण शिल्पा हलली नव्हती. पन्नास माणसांच्या पायांमध्ये गुडघे टेकून ती पंप मारत होती, मोठ्याने मोजत होती. कुणाचा तरी पाय तिच्या पाठीला लागला, तिचा पाय पेशंटला लागला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मैत्रिणीने गर्दीतून हात घालून शर्ट उघडला, पट्टे चिकटवले. डफली बोलली, "स्टँड क्लिअर."

"अलिप्त व्हा!" शिल्पा ओरडली.

कुणीही अलिप्त झालं नाही.

"अलिप्त व्हाऽऽ!"

एक काका खाली वाकून म्हणाले, "काय आणू बेटा?"

शिल्पाने मान वर केली. चहूबाजूंनी रेटारेटी, कुणी हटत नाही, जो तो पुढे घुसतोय. असलं दृश्य तिने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं होतं, आणि तिथे ही गर्दी कशी हलवतात तेही पाहिलं होतं. ती ताडकन उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात तिने आरोळी ठोकली.

"जरगंडी! जरगंडी, जरगंडी!"

तेलुगूत 'पुढे सरका'. तिरुपतीला बालाजीच्या गाभाऱ्यात स्वयंसेवक हेच ओरडत भक्तांना पुढे ढकलतात. त्या पन्नासांत तिरुपतीला न गेलेला एकही नव्हता. तो शब्द कानावर पडला आणि विचार करायच्या आत पन्नास जोडी पाय आपोआप सरकले. नुसते सरकले नाहीत, त्यांची रांग झाली! दोघातिघांचे हात जोडले गेले. आजीनेही बाही सोडली आणि ती सवयीने पुढे सरकून स्टेजच्या पायऱ्या उतरूनसुद्धा गेली.

पेशंटला कुणाचाही स्पर्श नव्हता. शिल्पाने वाकून एकदा सगळीकडे पाहिलं, बटण दाबलं, आणि लगेच पुन्हा गुडघ्यावर बसून पंप मारायला लागली.

 मग मागून ओमकार मिशा पुसत आला आणि म्हणाला, "आजी, मी हितं हाये." त्यानंतर ज्या टाळ्या झाल्या त्या समोरच्या पुस्तकवाल्यानेही ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी बाईंना बोलावलं. समोर पालकांच्या चिठ्ठ्या पडल्या होत्या. काही जणांना तर स्वतःच शिकायचं होतं.

"प्रयोग उत्तम झाला," ते म्हणाले. चेहरा मात्र सुतकी. "पण बाई, मराठीच्या व्यासपीठावर... जरगंडी?"

"साहेब, तिरुपतीला तुम्हीपण सरकता ना?"

"तिथे देव असतो."

"हितं माणूस होता. घाई त्यालाच जास्त."

मुकुंदरावांनी टोपीची घडी नीट केली. मग म्हणाले, "शब्दाचं जाऊ द्या. तासाचं कठीण आहे. संगणक आले, त्यांच्यासाठी दुसरा तास उरलेला नाही. मी सगळं वेळापत्रक पालथं घातलं बाई, खरं सांगतो."

त्यांनी पालथं घातलं असणार, हे बाईंना मान्य होतं. त्या उठल्या. पण घरी न जाता कॉम्प्युटरच्या खोलीकडे वळल्या. आत कॉम्प्युटर होते दोन. एकापुढे कॉम्प्युटर शिकवणारे संदेश सर आणि नववीची चार मुलं बसली होती, दुसऱ्यापुढे आणखी चार. बाकीची चव्वेचाळीस मुलं पुढच्याच्या मानेकडे बघत कॉम्प्युटर शिकत होती.

बाई आल्या पावली परतल्या.

"साहेब, ज्यांची पाळी आहे ती आठ पोरं तुमची. पाळी नसलेली माझी. बाहेरच्या व्हरांड्यात घेते. तास तुमचा, वेळापत्रकात नाव तुमच्या संगणकाचं, मला फक्त ती उभी राहिलेली लेकरं द्या."

"आणि आवाज?"

"होणार. मोजावं लागतं."

मुकुंदरावांनी डोळे मिटले. "घ्या," ते म्हणाले. "पण निदान मराठीत मोजा."

पुढच्या सोमवारी व्हरांड्यात सतरंजी अंथरली गेली. पेशंट उताणा झोपवला. बाईंनी पदर खोचला आणि चव्वेचाळीस मुलांना गोल बसवलं. आत संदेश सर कॉम्प्युटर सुरू कसा करायचा ते समजावत होते, बाहेर शिल्पा कोपर कुठे वाकतंय ते बाकीच्या मुलींना दाखवत होती. दहा मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात खोलीतला पंखा मंदावला, दोन्ही पडदे काळे झाले आणि आतून लांबलचक "आऽऽ" ऐकू आलं. वीज गेली होती.

आतली आठ मुलं दारात येऊन उभी राहिली. त्यांच्यामागे संदेश सर. आवाजाची तक्रार करायला आलेले मुकुंदरावही जिन्यात थांबले.

बाईंनी वळून पाहिलं. सतरंजी थोडी सरकवून जागा केली.

"बघता काय नुसते? पंपाला करंट लागत नाही. चपला काढा, या. संदेश सर, तुम्हीपण. हात असे, कोपर सरळ... हं, मोजा! एक..."